नवी अलॉय व्हील बसवल्यावर गाडी थरथरते किंवा टायर घासतो: तपासणी कुठून सुरू करावी

बाजारातून घेतलेली अलॉय व्हील स्पोर्ट्स कारला किंवा ताकदीच्या हॅचबॅकला बसवली की, काही दिवसांतच ठरावीक तक्रारी सुरू होतात. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यातल्या अशा गाड्यांची चाके खोलून दोष शोधण्याचे काम मी सातत्याने करत आलो आहे. गाडी माझ्यापर्यंत येते तेव्हा तिचे बॅलन्सिंग बहुधा एकाहून अधिक वेळा झालेले असते. "भाऊ, बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, तरी नव्वदला स्टिअरिंग हलतंच," ही तक्रार इतकी नेहमीची आहे की पुढची तपासणी कोणत्या क्रमाने करायची हे आता ठरून गेले आहे. अशा बहुतेक गाड्यांत बॅलन्सिंग चुकलेले नसते. चाकाची मापे गाडीच्या हबशी (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाशी), बोल्टशी किंवा मडगार्डच्या आतल्या जागेशी जुळत नसतात आणि ती जुळत नाहीत तोवर मशीनवर कितीही पैसे खर्च केले तरी दोष परत येतो.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे साधारण ८० ते ११० किलोमीटर वेगात स्टिअरिंगला येणारी थरथर. ती त्याखालच्या वेगात जाणवत नाही, कधीकधी त्यावरच्या वेगात कमी होते आणि ब्रेक न लावताही येते. थरथर स्टिअरिंगऐवजी सीटला जाणवत असेल तर संशय मागच्या चाकांवर घ्यावा. फक्त ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल तर आधी ब्रेकच्या डिस्क तपासून घ्याव्यात, कारण तो दोष बहुधा चाकाचा नसतो आणि पुढची सारी मेहनत वाया जाते.

दुसरे लक्षण घासण्याचे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेताना खरखर ऐकू येते, किंवा मागे तीन माणसे बसली असताना गतिरोधकावर मागच्या मडगार्डमध्ये टायर लागल्याचा आवाज येतो. तिसरे लक्षण धोक्याचे आहे: नट किंवा बोल्ट पुनःपुन्हा सैल होणे आणि हळू वेगात चाकातून टिकटिक ऐकू येणे. याखेरीज गाडी रस्त्यावरच्या चाकोऱ्यांबरोबर ओढली जाणे, एकाच चाकाची हवा सतत कमी होणे आणि नव्या टायरची आतली कड लवकर झिजणे या तक्रारीही याच कुटुंबातल्या आहेत. आपल्याकडे काळ्या मातीवरून गेलेल्या रस्त्यांना पावसाळ्यानंतर चढउतार येतात, त्यामुळे चाकोरीबरोबर ओढली जाण्याची तक्रार इथे अधिक ठळकपणे जाणवते.

हवा आणि टायरवरचे आकडे

ही तपासणी फुकट आहे, म्हणून ती पहिली. हवेचे योग्य माप ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर दिलेले असते आणि ते थंड टायरसाठी असते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा दुपारी महामार्गावरून आलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते, पेट्रोल पंपावरचा मुलगा ती सोडून "बरोबर" करून देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर कमी हवेवर चालू लागतो. कमी उंचीच्या टायरमध्ये रबराची बाजू आधीच आखूड असते. हवा कमी असली की खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो आणि गाडी भरली की टायर दबून घासू लागतो. हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी मोजावी.

त्यानंतर टायरवरचे माप वाचावे. मूळ टायर १९५/५५ आर १६ असेल तर त्याचा एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो. (१९५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी; तिच्या ५५ टक्के म्हणजे १०७.२५, त्याची दुप्पट आणि त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिलिमीटर.) १७ इंची रिमवर २०५/४५ घेतला तर व्यास ६१६ आणि २१५/४५ घेतला तर ६२५ येतो. दोन्ही मापे मूळ मापाच्या इतकी जवळ आहेत की स्पीडोमीटरमध्ये किंवा मडगार्डच्या उंचीत फारसा फरक पडत नाही. परंतु त्याच १६ इंची रिमवर "थोडा भारदस्त दिसावा" म्हणून २०५/५५ चढवला तर व्यास ६३२ होतो आणि टायर मडगार्डच्या छताकडे साडेपाच मिलिमीटर सरकतो. दबवलेल्या सस्पेन्शनवर घासायला तेवढे पुरते. मूळ व्यासापासून दोन टक्क्यांहून अधिक दूर जाऊ नये, असे माझे मत आहे.

मापापुढचा दोन अंकी आकडा भाराचा असतो आणि तो बहुतेक जण वाचतच नाहीत. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो आणि ८४ म्हणजे ५०० किलो. रिम मोठी आणि टायर चपटा होत जातो तसा हा आकडा नकळत खाली येतो. तो मूळ टायरपेक्षा कमी असेल तर त्याच मापात अधिक भार पेलणारा, "एक्स्ट्रा लोड" किंवा "एक्सएल" छापलेला टायर घ्यावा आणि त्याला लागणारी वाढीव हवा भरावी.

घासण्याची नेमकी जागा

टायर घासतो एवढे कळून उपयोग नाही, कुठे घासतो ते कळले पाहिजे, कारण आतल्या बाजूला घासणे आणि बाहेरच्या बाजूला घासणे यांचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत. टायरच्या दोन्ही खांद्यांवर खडूने जाड पट्टा ओढावा, गाडीत नेहमीइतकी माणसे बसवावीत, मोकळ्या जागेत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गाडी पुढेमागे घ्यावी आणि एखाद्या गतिरोधकावरून सावकाश न्यावी. खडू पुसला गेला ती घासण्याची जागा.

मग टॉर्च घेऊन मडगार्डच्या आत पाहावे. प्लास्टिकच्या लाइनरवर धुळीच्या थरात एक काळा, चकचकीत, बोटभर रुंद पट्टा उठलेला दिसतो. हा पट्टा लाइनरच्या पुढच्या कोपऱ्यात असेल आणि लाइनरची एखादी क्लिप तुटलेली असेल तर काम क्लिपच्या किमतीत भागते, म्हणून पुढे जाण्याआधी सर्व क्लिपा पाहून घ्याव्यात. पट्टा मडगार्डच्या पत्र्याच्या ओठावर असेल तर चाक बाहेर आले आहे. टायरच्या आतल्या भिंतीवर गोल खरचटल्याची रेघ असेल तर चाक आत जाऊन शॉकअपच्या नळीला लागते आहे. अशी रेघ दिसल्यावर ती गाडी वेगात चालवू नये.

नट, बोल्ट आणि त्यांची बैठक

चाक खोलण्याआधी पान्याने प्रत्येक बोल्टचा ताण पाहावा. अलॉय व्हील बसवल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, कारण नवा रंग आणि धातू यांच्या बैठकीत थोडी जागा सुटते. हे काम सर्रास राहून जाते. आवळण्याचा क्रम समोरासमोरचा असावा आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने, म्हणजे ताण मोजणाऱ्या पान्याने द्यावा. फोक्सवॅगन पोलोसाठी तो १२० न्यूटन मीटर आहे. इतर गाड्यांसाठी त्यांच्या पुस्तिकेतला आकडा पाहावा, शेजारच्या गाडीचा वापरू नये. हवेच्या गनने शेवटपर्यंत कसलेला बोल्ट एकीकडे प्रमाणाबाहेर ताणला जातो आणि दुसरीकडे चाक वाकडे बसवून टाकतो.

आता एक बोल्ट पूर्ण काढून त्याची खालची बाजू पाहावी. बोल्टची बैठक मुख्यतः दोन प्रकारची असते: शंकूच्या आकाराची आणि गोळ्यासारखी गोल. फोक्सवॅगन आणि स्कोडाचे कंपनीचे बोल्ट गोल बैठकीचे असतात, तर बाजारातल्या बहुतेक अलॉय व्हीलची भोके ६० अंशांच्या शंकूची असतात. गोल बोल्ट शंकूच्या भोकात आवळला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण धातूचा स्पर्श केवळ केसाएवढ्या रेघेवर होतो. भोक उजेडात धरून पाहिले तर आत एक बारीक चमकदार कडे दिसते आणि बाकीची बैठक रंगासकट कोरी राहिलेली असते. वारंवार बोल्ट सैल होण्याच्या तक्रारीत मी सर्वांत आधी हे कडे शोधतो. उपाय स्वस्त आहे, योग्य बैठकीचे बोल्ट घेणे. लॉकटाइट (आटे चिकटवणारा द्रव) लावून किंवा जास्त आवळून हा दोष झाकू नये.

लांबीही पाहावी. अलॉय व्हील लोखंडी चाकापेक्षा जाड असते, त्यामुळे जुना बोल्ट कमी फेरे घेतो. साधा नियम असा की बोल्टचा जितका व्यास, किमान तितकी लांबी आट्यांमध्ये गेली पाहिजे. १४ मिलिमीटर जाडीच्या आणि दर फेऱ्याला दीड मिलिमीटर आत जाणाऱ्या आट्यांच्या बोल्टला हाताने फिरवताना नऊ-दहा पूर्ण फेरे मिळाले पाहिजेत. पाच-सहा फेऱ्यांत तो आवळला गेला तर ते चाक तसेच चालवू नये. उलट फार लांब बोल्ट हबच्या मागे निघून ब्रेकच्या भागांना लागू शकतो, म्हणून चाक हाताने फिरवून आतून काही टिकटिक येते का ते ऐकावे.

मधले भोक, अर्थात थरथरीचे खरे मूळ

इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण बॅलन्सिंग करूनही न जाणाऱ्या थरथरीचे कारण मला बहुतेक वेळा इथेच सापडले आहे.

बाजारातली अलॉय व्हील अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे मधले भोक मुद्दाम मोठे ठेवलेले असते, ७३.१ मिलिमीटर हे त्यातले अगदी नेहमीचे माप. गाडीच्या हबचा मधला उंचवटा मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. पोलो, ऑक्टेव्हियाचा ५७.१, मारुती स्विफ्टचा ५४.१, मागच्या पिढीच्या बीएमडब्ल्यू ३ सिरीजचा ७२.६, पोर्शे ९११ चा ७१.६. म्हणजे पोलोला ७३.१ चे चाक लावले तर उंचवट्याभोवती सर्व बाजूंनी ८ मिलिमीटर मोकळी फट राहते आणि चाक केवळ बोल्टांच्या भरवशावर मध्यभागी येते. बोल्ट जरा असमान आवळले गेले तरी ते अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने एका बाजूला बसते.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मधल्या भोकातून शंकूवर धरले जाते. तिथे ते अचूक मध्यावर फिरते, म्हणून मशीन शून्य दाखवते. तेच चाक गाडीवर बोल्टांवर बसते आणि मध्यापासून सरकते. मशीनही खरे बोलते आणि स्टिअरिंगही खरे बोलते. पुन्हा वजने लावून यातून काही निष्पन्न होत नाही.

यावर उपाय म्हणजे हब रिंग: बाहेरून चाकाच्या भोकाच्या मापाचे आणि आतून हबच्या मापाचे कडे. ते निवडण्याआधी चाकाचे भोक आणि हब दोन्ही व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजावेत, दुकानदाराच्या तोंडी मापावर जाऊ नये. योग्य रिंग अंगठ्याने दाबून बसते, सैल फिरत नाही. रिंग बसवून चाक हबवर टेकवले तर बोल्ट नसतानाही ते हबवर टेकून राहिले पाहिजे. रिंग बसवण्याआधी हबची बैठक तारेच्या ब्रशने साफ करावी, कारण तिथे साचलेला गंज किंवा वाळलेली माती चाकाला एका बाजूने उचलून धरते.

रिंग प्लास्टिकची घ्यावी की ॲल्युमिनियमची, यावर मते वेगळी आहेत. शहरातल्या शहरात प्लास्टिकची चालते. पण कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येणाऱ्या किंवा तोरणमाळच्या वळणांवर जाणाऱ्या गाडीचे ब्रेक चांगलेच तापतात आणि ती उष्णता हबपर्यंत पोचते. तापून आकार बिघडलेली, हबला चिकटून दोन तुकडे झालेली रिंग पाहिल्यापासून मी ताकदीच्या गाड्यांना ॲल्युमिनियमचीच सुचवतो. फक्त तिच्या कडेला ग्रीसचा पुसट थर द्यावा, नाहीतर पावसाळ्यानंतर ती जाम होते. हे ग्रीस बोल्टच्या आट्यांना किंवा बैठकीला लागू देऊ नये.

चाकाचे भोक हबपेक्षा लहान असेल, उदाहरणार्थ ५४.१ चे चाक ५७.१ च्या हबवर, तर चाक बैठकीला टेकतच नाही. असे चाक गावातल्या लेथवर बोअर करून घेण्याचा मोह आवरावा आणि ते परत करावे.

पीसीडी

बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. यात "जवळपास" नावाची गोष्ट नसते. स्विफ्टचा ४ × १००, पोलोचा ५ × १००, ऑक्टेव्हियाचा ५ × ११२, फोर्ड मस्टँगचा ५ × ११४.३, पोर्शे ९११ चा ५ × १३०. यांतले ११२ आणि ११४.३ एकमेकांच्या इतके जवळ आहेत की चुकीचे चाकही रेटून बसते, बोल्ट तिरके होतात आणि काही दिवसांनी आटे किंवा खुद्द बोल्ट तुटतो. ४ × ९८ आणि ४ × १०० या जोडीचेही तसेच. माप चाकाच्या मागच्या बाजूला कोरलेले असते. चाक रेटावे लागले तर ते गाडीचे नाही असे समजावे. जादा भोके पाडून "मल्टी" केलेले चाक तर फुकट मिळाले तरी घेऊ नये.

रुंदी आणि ऑफसेट

घासण्याच्या बहुतेक तक्रारी इथे येऊन थांबतात. ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बैठक यांतले अंतर. ते चाकावर "ईटी" या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. ईटी कमी झाला की चाक बाहेर येते, वाढला की आत जाते. रुंदी वाढली की ते दोन्ही बाजूंना वाढते. दुकानात फक्त ईटी विचारला जातो आणि रुंदी विसरली जाते, म्हणून दोन्हींचा हिशेब एकत्र करावा.

समजा मूळ चाक ६ जे (म्हणजे ६ इंच) रुंदीचे, ईटी ४० आहे. निम्मी रुंदी ७६.२ मिलिमीटर. बैठकीपासून बाहेरची कड ७६.२ उणे ४०, म्हणजे ३६.२ वर आणि आतली कड ७६.२ अधिक ४०, म्हणजे ११६.२ वर. आता ७ जे रुंदीचे चाक घेतले, निम्मी रुंदी ८८.९. ते ईटी २५ चे असेल तर बाहेरची कड ६३.९ वर जाते: चाक जवळजवळ २८ मिलिमीटर बाहेर आले, मडगार्डला घासणार हे उघड आहे. तेच ईटी ४५ चे असेल तर बाहेर जेमतेम ८ मिलिमीटर येते, पण आत जवळजवळ १८ मिलिमीटर जाते आणि शॉकअपला लागण्याची भीती निर्माण होते. ईटी ३८ ते ४० च्या दरम्यान ही वाढ दोन्ही बाजूंना साधारण ११ ते १५ मिलिमीटर अशी वाटली जाते. बहुतेक गाड्यांत एवढी जागा असते, पण ती खरेदीपूर्वी आपल्या गाडीवर मोजावी: शॉकअप आणि टायर यांत आज किती जागा आहे ते पाहावे आणि हिशेबातली वाढ वजा केल्यावर किमान ५ मिलिमीटर उरले पाहिजेत.

बाहेर आलेले चाक घासले नाही तरी निर्धोक नसते. भाराची रेषा बेअरिंगपासून दूर सरकते, बेअरिंग लवकर आवाज करू लागते आणि रस्त्यावरचा प्रत्येक चढउतार स्टिअरिंगला ओढतो. अलाइनमेंट करून ही ओढ जात नाही.

चुकीचा ऑफसेट स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी चकती घालून सुधारण्याची पद्धत मला पसंत नाही. विशेषतः ३ किंवा ५ मिलिमीटरचा साधा स्पेसर हबचा उंचवटा गिळून टाकतो आणि वर सांगितलेली थरथर व आखूड बोल्ट हे दोन्ही दोष एकदम आणतो. घालायचाच असेल तर स्वतःचा उंचवटा असलेला स्पेसर आणि त्याच मापाने लांब बोल्ट घ्यावेत.

ज्या गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, जसे पोर्शे ९११ चे, तिथे हा हिशेब पुढे आणि मागे वेगवेगळा करावा. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत तर पुढच्या-मागच्या टायरचा व्यास कंपनीने ठरवलेल्या प्रमाणाबाहेर गेला की ताकद वाटणारे गिअर सतत ताणाखाली राहतात, म्हणून तिथे प्रयोग करू नयेत.

कॅलिपर आणि खुद्द चाक

मोठे ब्रेक असलेल्या गाडीत व्यास पुरेसा असूनही आऱ्यांचा आकार कॅलिपरला, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या भागाला लागतो. चाक हाताने फिरवून चहूकडे किमान ३ मिलिमीटर जागा आहे का ते पाहावे आणि आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने कॅलिपरला खरवडत नाहीत ना, हेही पाहावे.

इथपर्यंत सर्व बरोबर असेल आणि थरथर तरीही राहिली तर रिमला बेंड आहे का ते मशीनवर डायल गेज लावून तपासावे. जुन्या बाजारातून घेतलेल्या चाकांत हे फार आढळते. बाहेरून रंग नवा असतो आणि आतली कड ठोकून सरळ केलेली असते. खरेदी करताना चाकाच्या मागे भाराची मर्यादा आणि प्रमाणचिन्ह कोरलेले आहे का ते पाहावे. आयात चाकांवर बहुधा जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए ही जपानी प्रमाणचिन्हे आढळतात. यातले काहीच नसेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नये. जाता जाता आणखी एक: कंपनीतून न आलेली अलॉय व्हील विमा पॉलिसीत वेगळी नोंदवून घ्यावीत.

कुठे थांबावे

काही गोष्टी दिसल्या की घरचा पाना खाली ठेवावा आणि गाडी कंपनीच्या कार्यशाळेत किंवा सस्पेन्शनचे काम जाणणाऱ्या अनुभवी कारागिराकडे द्यावी. चाकाला कुठेही तडा असेल, अगदी नखाला जाणवेल इतका बारीकही, तर ते वेल्डिंग करून वापरू नये, बदलावे. बोल्टची भोके लांबट झाली असतील, आटे गेले असतील किंवा बोल्ट शेवटपर्यंत ताण धरत नसेल तर हब आणि चाक दोन्ही तपासावे लागतात. टायरने ब्रेकचा रबरी पाइप किंवा एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर खरचटली असेल, डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला असेल किंवा चाक जॅकवर वरखाली हलवल्यावर ढिले वाटत असेल, तर तिथे घरगुती उपाय नाही. मडगार्डचा ओठ आत दुमडणे, सस्पेन्शनची उंची किंवा कॅम्बर (चाकाचा आतबाहेर कल) बदलणे हीदेखील घरी करण्याची कामे नव्हेत.

यांपैकी तडा, सैल बोल्ट किंवा खरचटलेला ब्रेक पाइप दिसला तर गाडी चालवत नेऊ नये. स्टेपनी किंवा मूळ चाके त्यांच्या मूळ बोल्टांसह चढवावीत आणि ब्रेकच्या पाइपला इजा झाली असेल तर गाडी उचलून नेणारे वाहनच बोलवावे. कारागिराकडे जाताना चाकामागचे सर्व आकडे, टायरचे माप, हबचा मोजलेला व्यास आणि खडूच्या तपासणीत घासण्याची जागा कुठे सापडली हे कागदावर लिहून न्यावे. त्यामुळे तो पुन्हा बॅलन्सिंगपासून सुरुवात करत नाही.